पूर्ण अंधारातही सगळे उंदीर २४ तासांवरच : सर्केडियन म्युटंट स्ट्रेनमधला परत परत येणारा दोष कसा शोधायचा

समस्या अशी दिसते. क्लॉक म्युटंटची, म्हणजे शरीराचं दिवस-रात्रीचं (सर्केडियन) घड्याळ चालवणाऱ्या क्लॉक जीनमध्ये बदल असलेल्या उंदरांची, कॉलनी चालू आहे, जीनोटाइप झालेले उंदीर चाकाच्या पिंजऱ्यात एकेकटे ठेवले, दोन आठवडे १२ तास उजेड आणि १२ तास अंधार म्हणजे एलडी दिला आणि मग कायमचा अंधार म्हणजे डीडी सुरू केला. होमोझायगस (जीनच्या दोन्ही प्रती बदललेल्या) प्राण्याचा पिरियड, म्हणजे लयीच्या एका फेरीचा वेळ, २७ ते २८ तास यायला हवा. हेटरोझायगस (एकच प्रत बदललेला) साधारण २४.४ तास, आणि सी५७बीएल/६जे या स्ट्रेनचा वाइल्ड टाइप, म्हणजे बदल नसलेला उंदीर, २३.७ च्या आसपास. प्रत्यक्षात ॲक्टोग्रामवर (रोजचं धावणं एकाखाली एक मांडलेला आलेख) निम्म्याहून जास्त ओळी उभ्या रेषेत खाली उतरतात, पिरियड २४.०. काही चॅनलवर मध्येच उडी दिसते, एखादा वाइल्ड टाइपच लय हरवून बसतो. यंत्रणा आवरली की चार-दोन महिने बरं चालतं, आणि पुन्हा तेच.

नागपुरात ही तक्रार एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत वाढते. वीज जास्त वेळा जाते, खोल्या तापतात, कूलर लागतात, आणि दिवसा दारं-खिडक्यांतून आत शिरणारा प्रकाश हिवाळ्यापेक्षा तीव्र असतो. जीनवर संशय घेण्याआधी या गोष्टी तपासायच्या, पण वाटेल त्या क्रमानं नाही. कुठून सुरुवात करायची हे ॲक्टोग्राम सांगतो, आणि त्यातही आधी वाइल्ड टाइप भावंडाचा ॲक्टोग्राम.

आधी वाइल्ड टाइप भावंड पाहा

म्युटंटकडे बघून दोष ओळखता येत नाही, कारण म्युटंट नेमका कसा वागेल हाच तर प्रयोगाचा प्रश्न असतो. वाइल्ड टाइप कसा वागतो हे ठाऊक असतं. म्हणून प्रत्येक अंधाऱ्या बॉक्समध्ये निदान एक वाइल्ड टाइप लिटरमेट (त्याच वेतातलं भावंड) असलाच पाहिजे. सगळे वाइल्ड टाइप एका बॉक्सात आणि सगळे म्युटंट दुसऱ्यात, ही मांडणी सोयीची वाटते, पण तिच्यात बॉक्सचा दोष आणि जीनचा परिणाम वेगळा काढायचा मार्गच उरत नाही.

डोळ्यानं करायचा हिशेब सोपा आहे. २३.७ तासांचा प्राणी रोज सुमारे १८ मिनिटं लवकर उठतो, म्हणजे १४ दिवसांत त्याचा ऑनसेट (रोजचं धावणं सुरू होण्याची वेळ) चार तासांहून थोडा जास्त पुढे सरकायला हवा. २४.४ चा हेटरोझायगस रोज २४ मिनिटं उशिरा उठतो आणि १४ दिवसांत साडेपाच तास मागे पडतो. २७.५ चा होमोझायगस रोज साडेतीन तास मागे जातो, त्यामुळे सातव्या दिवसाच्या आसपास तो घड्याळाला पूर्ण फेरी मारून परत आलेला दिसतो. पिरियडोग्राम (नोंदीतून पिरियड काढणारं गणित) चालवायच्या आधी पट्टी ठेवून एवढं पाहा.

आता निदान. वाइल्ड टाइप आणि हेटरोझायगस दोघंही अगदी २४.० वर उभे असतील तर खोलीत रोज २४ तासांनी येणारी एखादी खूण आहे, बहुधा प्रकाशगळती. २३.७ आणि २४.४ हे दोन्ही पिरियड २४ च्या इतके जवळ आहेत की अगदी मंद प्रकाशसुद्धा त्यांना पकडून ठेवतो. होमोझायगसला मात्र एवढी क्षीण खूण सहसा पूर्ण पकडू शकत नाही. त्याची ओळ त्या ठराविक तासातून जाताना वाकते, मग पुन्हा मोकळी धावते. असं वाकणं दिसलं तर गळती कोणत्या तासाला आहे तेही कळतं.

वाइल्ड टाइप २३.७ वर नीट धावतोय आणि 'होमोझायगस' म्हणून ठेवलेला प्राणीही २३.७ वरच आहे, तर प्रकाशाकडे वळू नका. तो प्राणी होमोझायगस नाही, किंवा त्याची आनुवंशिक पार्श्वभूमी बदलली आहे.

वाइल्ड टाइप 'डीडी'त २४ च्या वर, २४.५ किंवा अधिक, जातोय आणि धावणं कमी झालंय, तर तुमच्या बॉक्समध्ये अंधार नाही, अखंड मंद उजेड आहे. सतत प्रकाशात निशाचर उंदराचा पिरियड लांबतो हे लयींचे अभ्यासक आशॉफ यांच्या काळापासून माहीत आहे. आणि सगळ्या चॅनलवर एकाच दिवशी, एकसारख्या मिनिटांची उडी असेल तर प्राण्यांना काही झालेलं नाही, नोंद घेणारं घड्याळ सरकलं आहे.

एक सावधगिरी. क्लॉक म्युटंटच्या घड्याळाचं ॲम्प्लिट्यूड (लयीचा जोर) कमी असतं, त्यामुळे त्याच प्रकाशानं त्याची फेज (लयीतली त्या क्षणाची जागा) वाइल्ड टाइपपेक्षा जास्त सरकते. वाइल्ड टाइपवर जेमतेम दिसणारी गळती म्युटंटच्या ओळीत मोठा खड्डा पाडू शकते. म्हणून 'वाइल्ड टाइप जवळजवळ ठीक आहे' यावर समाधान मानू नका. १४ दिवसांत चार तासांऐवजी तीनच तास सरकला असेल तर तोही इशारा समजा.

प्रकाश कुठून येतो

लक्समीटर ० दाखवतोय, ही माहिती इथे फारशी कामाची नाही. साधा मीटर १ लक्सच्या खाली काही सांगत नाही आणि उंदराला त्याहून कितीतरी कमी प्रकाश कळतो. गळती शोधायची तर दुपारी, बाहेर ऊन कडक असताना शोधा. बॉक्स मोठा असेल तर दार बंद करून आत २० मिनिटं बसा. पहिली दहा मिनिटं काही दिसणार नाही, डोळे सरावले की फटी दिसू लागतात. बॉक्स लहान असेल तर मोबाइल आत ठेवून, त्याचा स्क्रीन बंद होईल अशा बेतानं, ३० सेकंदांच्या एक्स्पोजरचे फोटो वेगवेगळ्या दिशांना घ्या. रात्रीही एकदा घ्या, कारण बॉक्सच्या आतले दोष रात्रीच उघडे पडतात.

बहुतेक वेळा सापडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: दाराची खालची फट, केबल आत नेण्याचं भोक, आणि पंख्याची जाळी. पंख्याची जाळी बंद करता येत नाही, हवा लागतेच. तिथे आतून-बाहेरून मॅट काळ्या रंगानं रंगवलेला, दोन काटकोन वळणं असलेला बोगदा बसवा. एका वळणावरून प्रकाश परावर्तित होऊन आत येतो. चकचकीत काळा ऑइलपेंट वापरू नका.

आतले दिवे हा दुसरा आणि जास्त दुर्लक्षित भाग. तापमान नोंदवणाऱ्या लॉगरचा हिरवा ठिपका, नेटवर्क स्विचचे लुकलुकणारे दिवे, एक्स्टेन्शन बोर्डाचा इंडिकेटर. उंदराच्या मेलानॉप्सिनची (डोळ्यातलं, घड्याळाला प्रकाश कळवणारं रंगद्रव्य) कमाल संवेदनशीलता ४८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या भागात, आणि रॉड पेशींची ५०० च्या जवळ. निळा-हिरवा इंडिकेटर त्याच पट्ट्यात बसतो. काळी इन्सुलेशन टेप दोन पदरी लावा.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या वायरिंगमुळे वारंवार होते. एलईडी ट्यूब 'बंद' केल्यावरही अगदी मंद चमकत राहते. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असलं, किंवा बटणातच निऑन इंडिकेटर असला, की थोडा करंट ट्यूबपर्यंत पोहोचत राहतो. दिवसा माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही. वाइल्ड टाइपचा पिरियड लांबलेला असेल तर पहिला संशय इथेच घ्या. इलेक्ट्रिशियनकडून बटण फेजवर घेऊन घ्या, आणि डीडी चालू असेपर्यंत दिव्याची पिनच सॉकेटमधून काढून ठेवा. टायमर 'ऑफ' वर ठेवणं पुरेसं नाही.

चौथी, आणि उन्हाळ्यात सगळ्यात जास्त नुकसान करणारी: वीज गेली की आपोआप पेटणारा इमर्जन्सी लाइट किंवा बॅटरीचा इन्व्हर्टर बल्ब. सुरक्षिततेसाठी कॉरिडॉरमध्ये तो हवाच. पण प्राण्यांच्या खोलीत, रॅकसमोर नको. रात्रीच्या पहिल्या भागात, सर्केडियन टाइम १४ ते १६ च्या दरम्यान (प्राण्याच्या स्वतःच्या घड्याळानं, जिथे १२ म्हणजे त्याचं धावणं सुरू होण्याची वेळ), १५ मिनिटांचा प्रकाश वाइल्ड टाइपला दीड-दोन तास मागे ढकलू शकतो. तोच प्रकाश त्याच्या अंतर्गत दिवसा पडला तर जवळजवळ काहीच होत नाही. त्यामुळे एकाच घटनेत एका पिंजऱ्यात मोठी पायरी आणि शेजारच्यात काही नाही, असं दिसलं तरी कारण एकच असू शकतं. दोघांची फेज वेगळी होती. घड्याळ सरकल्याच्या उडीत आणि प्रकाशाच्या उडीत हाच फरक आहे. पहिली सगळ्यांना सारखी, दुसरी प्रत्येकाच्या फेजप्रमाणे वेगळी.

लाल दिव्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. उंदराला लाल कमी दिसतो, अजिबात दिसत नाही असं नाही. जोरदार लाल दिवा लावून अर्धा तास पिंजरे बदलले तर तो प्रकाशच झाला. इन्फ्रारेड व्ह्यूअर वापरा. प्रकाशस्रोत ९४० नॅनोमीटरचा घ्या. ८५० च्या दिव्याचा गाभा माणसालासुद्धा फिकट लाल दिसतो.

वीज, टायमर आणि कॉम्प्युटर

फिरत्या तबकडीचा मेकॅनिकल टायमर वीज गेली की थांबतो आणि वीज आली की जिथे होता तिथून पुढे चालतो. रोज ४० मिनिटं वीज जात असेल तर तुमचा एलडी दिवस २४ तास ४० मिनिटांचा झाला, आणि उंदीर त्यालाच जुळवून घेतील. मग डीडीमध्ये गेल्यावर त्यांचा पिरियड अपेक्षेपेक्षा लांब येतो, कारण आधीच्या प्रकाशचक्राचा परिणाम नंतर बरेच दिवस टिकतो. पिटेंड्रिघ आणि डान यांनी १९७६ मध्ये हा आफ्टरइफेक्ट सविस्तर दाखवला. म्हणजे दोष एलडीत झाला आणि दिसला डीडीत. अशा वेळी डीडीचे दिवस कितीही तपासले तरी हाती काही लागत नाही.

बॅटरी बॅकअप असलेला डिजिटल टायमर घ्या आणि त्याची बॅटरी दर मार्चला बदला. स्मार्ट प्लग वापरत असाल तर वीज परत आल्यावर तो कोणत्या अवस्थेत उघडतो ते प्रत्यक्ष पिन काढून-घालून पाहा. अनेक प्लग 'चालू' अवस्थेत परततात. रात्री दोन वाजता वीज येऊन दिवे लागले आणि पुढचं वेळापत्रक येईपर्यंत लागूनच राहिले, हे सकाळी कोणाच्या लक्षातही येत नाही. सेटिंगमध्ये वीज आल्यावर 'बंद' राहण्याचा पर्याय निवडा. पर्याय नसेल तर तो प्लग या कामाचा नाही.

प्रत्येक बॉक्समध्ये प्रकाशाचा सेन्सर लावून त्याची नोंद चाकाच्याच फाइलमध्ये, वेगळ्या चॅनलवर घ्या. फोटोडायोड आणि साधं सर्किट पुरतं. हा एक चॅनल नसेल तर वरच्या निम्म्या गोष्टी अंदाजानंच ठरवाव्या लागतात. आमच्या मते नवीन बॉक्स घेण्याआधी पैसे इथे घालावेत.

नोंद घेणारा कॉम्प्युटर आणि इंटरफेस ऑनलाइन यूपीएसवर ठेवा. बॅटरी नवी असतानाच पूर्ण भारावर किती मिनिटं टिकते ते मोजा, आणि जनरेटर सुरू व्हायला लागणाऱ्या वेळेच्या किमान तिप्पट वेळ हातात ठेवा. उष्णतेत यूपीएसच्या बॅटऱ्या लवकर खलास होतात. बंद कपाटात, खिडकीच्या बाजूला यूपीएस ठेवू नका. कॉम्प्युटरचा टाइम झोन भारतीय प्रमाणवेळेवर आहे का तेही बघा. बाहेरून आलेल्या सिस्टिमवर कधी कधी अमेरिकेतला झोन राहून जातो, आणि मग मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये सगळ्या ओळी अचूक ६० मिनिटं सरकतात. आपोआप अपडेट होऊन रीस्टार्ट होणंही बंद करा.

ऊन

मे महिन्यात बाहेर पारा कधी कधी ४५ च्या वर जातो आणि नवतप्यात (मेअखेरच्या सर्वांत उष्ण नऊ दिवसांत) तर एसी दिवसभर एकसारखा चालूनही खोली राखता येत नाही. उंदरासाठी २२ अंश, दोन इकडे-तिकडे, आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के धरून चला. सर्केडियन घड्याळाचा पिरियड तापमानानं फारसा बदलत नाही, पण धावणं बदलतं. गरम बॉक्समध्ये उंदीर चाकावर कमी जातो, पहिल्या एक-दोन तासांतला जोर जातो आणि ऑनसेट पसरट होतो. मग ऑनसेटवर रेषा बसवणारं सॉफ्टवेअर चुकीची जागा धरतं आणि पिरियडची त्रुटी वाढते. एखादा खरा लयदार प्राणी 'ॲरिदमिक' (लय नसलेला) म्हणून नोंदला जातो.

खोलीचं तापमान आणि बॉक्सच्या आतलं तापमान वेगळं असतं. प्रकाशबंद बॉक्समधून हवा आधीच कमी जाते, त्यात पंख्याच्या मोटरची आणि दिव्यांची उष्णता. प्रत्येक बॉक्समध्ये पिंजऱ्याच्या उंचीवर लॉगर ठेवा आणि दर १० मिनिटांनी नोंद घ्या. किमान-कमाल आकड्यांपेक्षा त्या वक्राचा आकार महत्त्वाचा आहे. रोज संध्याकाळी सहाला एसी बंद करून सकाळी नऊला चालू करत असतील, तर तुमच्या डीडीमध्ये २४ तासांचं तापमानचक्र चालू आहे. सस्तन प्राण्यात ही खूण प्रकाशाइतकी बलवान नाही, तरी ती हालचालीवर छाप पाडते आणि २४ तासांचा एक खोटा शिखरबिंदू पिरियडोग्राममध्ये आणते.

कूलरबद्दल स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे, कारण एसी बंद पडला की पहिली धाव तिकडेच असते. मेच्या कोरड्या हवेत कूलर तापमान खाली आणतो, पण आर्द्रता चढवतो, आणि मान्सून जूनच्या मध्यावर विदर्भात पोहोचला की त्याचा थंडावाही उरत नाही. ओल्या गादीतला अमोनिया वाढतो, चाकाच्या आसाला गंज चढतो, आणि कूलरचा थरथराट रॅकमधून चाकाच्या फेऱ्या मोजणाऱ्या, चुंबकावर चालणाऱ्या रीड स्विचपर्यंत पोहोचतो. आणीबाणीत लावायचाच झाला तर शेजारच्या खोलीत लावा, रॅकला टेकवू नका, आणि तो लावल्याची तारीख-वेळ नोंदवा. खरा उपाय म्हणजे एकमेकांच्या जागी आलटून-पालटून चालणारे दोन एसी, दोन्ही जनरेटरच्या लाइनवर.

रोज ठराविक वेळी होणारी जनरेटरची चाचणी हीसुद्धा एक खूण आहे. आवाज, हादरा आणि त्या वेळी होणारी माणसांची ये-जा, तिन्ही एकदम. चाचणीची वेळ बदलती ठेवायला सांगा. दाणा-पाणी पाहायची वेळही रोज बदला. मात्र पाहणी रोज व्हायलाच हवी, अंधारात ठेवलेल्या प्राण्याची बाटली गळून रिकामी झालेली बाहेरून कळत नाही.

चाक

हे लवकर उरकता येतं. हातानं चाक २० वेळा फिरवा, पडद्यावर २० आलं पाहिजे. कमी आलं तर चुंबक आणि स्विच यांतलं अंतर वाढलंय. जास्त आलं तर स्विच उडतोय आणि एक फेरी दोनदा मोजतोय. १२ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ३८ सेंटीमीटर, म्हणजे रात्रीत ५ किलोमीटर धावणाऱ्या उंदराच्या १३ हजारांवर फेऱ्या व्हायला हव्यात. मिनिटाला ३०० हून जास्त फेऱ्या सलग दिसल्या तर तो उंदीर नाही, स्विच आहे. धानाचं तूस गादीला वापरत असाल तर ते आसात अडकतं. दर पिंजराबदलीला आस साफ करा. चाकाशेजारच्या बाटलीचं तोंड चाकापासून दूर ठेवा.

चाक असताना मोजलेला पिरियड आणि इन्फ्रारेड सेन्सरनं, चाकाशिवाय, मोजलेला पिरियड एका तक्त्यात घालू नका. चाक मिळालं की उंदराचा पिरियड थोडा कमी होतो. जुन्या आकड्यांशी नवे जुळत नाहीत या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं.

जीनोटाइप आणि पार्श्वभूमी

वाइल्ड टाइप बिनचूक २३.७ वर असताना म्युटंट म्युटंटसारखा वागत नसेल तर इथे या.

क्लॉक म्युटंट मार्था व्हिटाटर्ना आणि जोसेफ ताकाहाशी यांच्या गटानं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात १९९४ मध्ये जाहीर केला. ईएनयू रसायनानं घडवलेल्या उत्परिवर्तनांतून तो सापडला. बदल एकाच बेसचा आहे: ए च्या जागी टी. त्यामुळे स्प्लाइस साइट (आरएनएचे तुकडे जोडण्याची खूण) मोडते, एक्झॉन १९ (जीनचा एक तुकडा) गळतो आणि प्रोटीनमधून ५१ अमिनो आम्लं जातात. व्यवहारात याचा अर्थ असा की पीसीआरच्या पट्टीची लांबी बघून हा जीनोटाइप सांगता येत नाही. नॉकआऊटसारखा (जीन निकामी केलेल्या उंदरासारखा) इथे मोठा तुकडा घातलेला किंवा काढलेला नाही. ॲलील-विशिष्ट प्रायमर, रेस्ट्रिक्शन एन्झाइमनं कापणी, किंवा सरळ सिक्वेन्सिंग, यांपैकी एक लागतंच. कापणीची पद्धत वापरत असाल तर अर्धवट कापणी हा मुख्य शत्रू आहे. न कापलेला भाग शिल्लक राहिला की होमोझायगस हा हेटरोझायगस दिसू शकतो, किंवा उलट, प्रायमरच्या रचनेप्रमाणे. प्रत्येक जेलवर तिन्ही ज्ञात जीनोटाइप आणि डीएनए नसलेला एक कंट्रोल चालवा. शंकास्पद प्राण्याचं सिक्वेन्सिंग करा. तीन आठवडे डीडी चालवण्याच्या मानानं ते स्वस्त आहे.

डीएनए काढण्यासाठी गरम अल्कलीची पद्धत पुरते. कानाचा २ मिलिमीटरचा तुकडा ७५ मायक्रोलिटर द्रावणात टाका, ज्यात २५ मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि ०.२ मिलिमोलर ईडीटीए आहे. ९५ अंशांवर ३० मिनिटं, थंड करा, मग ७५ मायक्रोलिटर ४० मिलिमोलर ट्रिस-एचसीएल. यातलं १ ते २ मायक्रोलिटर पीसीआरला. जास्त घातलं तर अभिक्रियाच अडते. हे नमुने कच्चे असतात, वारंवार गोठवून-वितळवून वापरू नका. आणि प्रयोग संपल्यावर त्याच प्राण्याच्या शेपटीचा नवा नमुना घेऊन जीनोटाइप पुन्हा करा. पिंजऱ्याची चिठ्ठी बदलली गेली, कानाच्या खुणा चुकीच्या वाचल्या गेल्या, हे सगळं तिथे उघड होतं.

पार्श्वभूमीचा प्रश्न जास्त खोल आहे. क्लॉक म्युटेशनचा परिणाम सी५७बीएल/६जे वर पूर्ण दिसतो. बाल्ब/सी च्या जीनोममध्ये तो दाबणारा घटक आहे. २०१३ मध्ये तो यूएसएफ-१ या जीनपर्यंत शोधला गेला. कॉलनीत कधी बाल्ब/सी शी संकर झाला असेल आणि नंतर बॅकक्रॉस (मूळ स्ट्रेनशी पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा संकर) अर्धवट राहिला असेल, तर जीनोटाइप खरा असूनही पिरियड लांबत नाही. सी३एच आणि एफव्हीबी या स्ट्रेनमध्ये आरडी१ म्युटेशन असतं, त्यांच्या डोळ्यातल्या रॉड पेशी नष्ट होतात. मेलानॉप्सिनमुळे असे प्राणी एलडीला जुळवून घेतात, म्हणून दोष लगेच लक्षात येत नाही, पण प्रकाशाला त्यांचा प्रतिसाद वेगळा असतो. 'सी५७बीएल/६' एवढंच लिहिलेल्या पुरवठ्याच्या कागदावर जे की एन हे विचारून घ्या. एन मध्ये डोळ्यावर परिणाम करणारं आरडी८ असतं. जॅक्सन लॅबोरेटरीचा क्लॉक म्युटंट ००२९२३ या क्रमांकाचा आहे आणि तो जे वर आहे, त्यामुळे बॅकक्रॉसही जे शीच करा. दर पाच ते दहा पिढ्यांनी बाहेरून जे आणून कॉलनी ताजी करा.

प्रजननात होमोझायगस मादी वापरू नका. तिच्यात गर्भधारणा आणि प्रसूती दोन्ही बिघडतात. हेटरोझायगस जोड्या लावा. त्यात होमोझायगस नर आठात एक. आठ नर हवे तर ६४ पिल्लं, म्हणजे प्रत्येक वेतात सहा जगली तर ११ वेतं. हा आकडा आधी मांडला नाही की शेवटी वय न जुळणारे प्राणी एकत्र केले जातात आणि फरक वयाचा की जीनचा ते सांगता येत नाही.

इतर स्ट्रेनमध्ये तोच दोष वेगळा दिसतो

घड्याळाच्याच दुसऱ्या एका जीनचा, बीमॅल-१ चा नॉकआऊट, जॅक्सनचा ००९१००, डीडीच्या पहिल्या दिवसापासून लय सोडतो. पण वय वाढलं की त्याचे सांधे कडक होतात आणि तो चाकावर जातच नाही. सपाट ॲक्टोग्राम घड्याळ नसल्यामुळे आहे की चालता येत नसल्यामुळे, हे मग ठरत नाही. ८ ते १४ आठवड्यांच्या वयात मोजा आणि सोबत इन्फ्रारेड सेन्सर लावा.

क्राय-१ आणि क्राय-२ हे घड्याळाचे दोन्ही जीन नसलेला उंदीर एलडीत जवळजवळ निरोगी दिसतो. हे मास्किंग आहे: उजेडात तो दबून बसतो, अंधारात बाहेर येतो. एलडीतला ॲक्टोग्राम दाखवून 'म्युटेशन काम करत नाही' असा निष्कर्ष काढू नका. डीडीतल्या ऑनसेटवर रेषा बसवून ती मागे एलडीच्या शेवटच्या दिवसापर्यंत वाढवा. ती दिवे बंद होण्याच्या वेळेपाशी आली तर एंट्रेनमेंट (घड्याळ खरंच प्रकाशचक्राला जुळणं) होतं, नाही आली तर मास्किंग. एकेकटे नॉकआऊट उलट दिशांना जातात, क्राय-१ चा पिरियड २२.५ च्या आसपास आणि क्राय-२ चा २४.६. म्हणून मंद गळतीत क्राय-२ नॉकआऊट २४.० वर सहज अडकतो आणि क्राय-१ नॉकआऊट त्याच बॉक्समध्ये मोकळा धावतो. शोधायला ही जोडी फार उपयोगी आहे.

विश्लेषणाची खिडकी

क्लॉक होमोझायगस डीडीत सुरुवातीला २७-२८ तासांनी धावतो आणि मग साधारण दोन आठवड्यांत बरेच प्राणी लय गमावतात, सगळे नाहीत. २५ दिवसांची एकच खिडकी घेऊन काय-स्क्वेअर पिरियडोग्राम काढला तर शिखर बुटकं होतं आणि प्राणी ॲरिदमिक ठरतो. १ ते १० आणि ११ ते २५ असे दोन भाग वेगळे काढा. शोधाची मर्यादा १८ ते ३२ तास ठेवा. ती २८ ला संपत असेल तर शिखर काठावर कापलं जातं. बिन (ज्यात फेऱ्या एकत्र मोजतात तो कालखंड) ५ किंवा ६ मिनिटांचा पुरतो. सॉफ्टवेअरनं दिलेला आकडा ॲक्टोग्रामवर रेषा म्हणून आखून बघा. रेषा ऑनसेटवर बसत नसेल तर तो आकडा घेऊ नका.

दोष सापडल्यावर

मधूनच दुरुस्ती करून त्याच डीडीची नोंद पुढे चालवू नका. गळती किंवा उडी झालेल्या प्राण्याची फेज आणि पिरियड दोन्ही काही काळ वाकलेले राहतात. प्राण्यांना पुन्हा एलडीत आणा, पिंजऱ्याच्या तळाशी १५० ते ३०० लक्स मोजून खात्री करा, वरच्या आणि खालच्या फळीवर वेगवेगळं मोजा. १४ दिवस तसे ठेवा. वाइल्ड टाइपचे ऑनसेट सलग पाच-सहा दिवस दिवे बंद होण्याच्या वेळेपाशी आले की डीडी नव्यानं सुरू करा, आणि पहिले दोन-तीन दिवस पिरियडच्या हिशेबातून वगळा. दुरुस्तीच्या आधीचे दिवस फाइलमधून पुसू नका. वेगळ्या खुणेनं ठेवा, सोबत प्रकाश आणि तापमानाचे चॅनल. पुढच्या एप्रिलमध्ये ओळ पुन्हा उभी झाली तर आधी त्याच फाइलमधली गळतीची वेळ नव्या ॲक्टोग्रामवर ठेवून पाहा.